शेजारच्या सीटवरचा ब्रेक

२ मे, सोमवार

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि वर ही वही मागे लावून दिली. म्हणाले, "राग आला की बोलू नका, लिहा. रोज एक पान." मी म्हटलं, मला राग येत नाही, लोक आणतात. ते हसले आणि फी घेतली.

तर लिहितो. माझी गाडी शिकवायची शाळा आहे. बावीस वर्षं झाली. गाडी एक, शिकवणारा एक, आणि आजवर बंपरला ओरखडा नाही. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, तो माझ्या पायाशी. लोक विचारतात, "सर, तो किती वेळा वापरावा लागतो?" मी सांगतो, महिन्यातून दोनदा.

आजचा राग असा. जेवताना आमच्या भिंगरीने जाहीर केलं की तिला मानववंशशास्त्राची पदवी घ्यायची आहे. भिंगरी म्हणजे एकुलती एक लेक, वय अठरा. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव पडलं. मी विचारलं, त्यात असतं काय? म्हणाली, "माणसं कशी राहतात, कशी वागतात, ते त्यांच्यात बसून बघायचं."

बसून बघायचं! तीन वर्षं! आणि त्या बघण्याची फी किती, तर माझी दुसरी गाडी. शिकणाऱ्यांची रांग लागलेली असते, एक गाडी पुरत नाही, म्हणून सहा वर्षं एकेक पैसा बाजूला टाकतोय. तिकडे मेहुण्याने विमा कचेरीत हिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली आहे. पक्की नोकरी, पंखा डोक्यावर. पण नाही, आमच्या राजकन्येला माणसं बघायची आहेत. माणसं मी रोज बघतो. मला कोणी पदवी दिली नाही.

"बाबा, चौकशी तरी करा. मग नाही म्हणा," म्हणाली. ठीक आहे. करतो चौकशी. अर्जाची शेवटची तारीख ३१ मे आहे आणि पालकाच्या सहीशिवाय तो घेत नाहीत. सही माझी आहे.

५ मे, गुरुवार

चौकशी सुरू केली. गाडीत बसलेला माणूस कुठे पळून जात नाही, हा आमच्या धंद्याचा फायदा.

पहिला बँकेतला कॅशियर. शिकायला लागून तीनच दिवस झालेत, पण पठ्ठ्या अशी गाडी हाकतो की जणू आईच्या पोटातून शिकून आला. त्याला विचारलं, या पदवीवाल्यांचं पुढे काय होतं? म्हणाला, "सर, आमच्याकडे कर्ज मागायला असा कोणी आल्याचं आठवत नाही."

"म्हणजे त्यांचं बरं चाललंय की वाईट?"

त्याने हॉर्न वाजवून समोरची रिक्षा बाजूला केली.

मग नर्सबाई. या बाईंची कथाच वेगळी. जानेवारीपासून येतात. स्टिअरिंगवर हात झकास, आरशात बघतात, गिअर लोण्यासारखा टाकतात, आणि परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास. दोन्ही वेळा एकच चूक, वेळेवर ब्रेक मारला नाही. परीक्षकाला आपल्या बाजूचा ब्रेक दाबावा लागला की संपलं. फिरत्या दवाखान्यावर गाडी चालवता येणारी नर्स हवी आहे, ती जागा मिळाली तर यांच्या रात्रपाळ्या सुटतील. तिसरी परीक्षा अठ्ठावीसला. त्यानंतर ती जागा दुसऱ्या कोणाला देणार आहेत. मी जीव तोडून शिकवतो, पण ऐन वेळी यांचं डोकं चालत नाही, त्याला मी काय करू?

त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अहो सर, आमच्या वॉर्डात आली होती अशी एक मुलगी. महिनाभर नुसती स्टुलावर बसून. आम्ही सगळ्या चिडायचो. आमचे पेशंट घंटीच वाजवत नसत, आम्हाला वाटायचं दुखत नाही. शेवटी ती म्हणाली, तुम्ही आल्या आल्या आधी घंटी बंद करता आणि मग काय झालं विचारता. माणसाला वाटतं, आपण त्रास दिला."

"मग?"

"मग काय, आता आधी विचारतो, नंतर बंद करतो. घंट्या तिप्पट वाजायला लागल्या."

म्हणजे काम वाढवून गेली! आणि एवढंसं सांगायला पदवी? मला बोलावलं असतं तर मी फुकटात सांगितलं असतं. हे मी त्यांना म्हणेपर्यंत चौक आला, मी ब्रेक दाबला, सिग्नल लागला होता. नर्सबाई म्हणाल्या, "थँक्यू सर."

९ मे, सोमवार

आज कॉलेजात माहिती द्यायचा दिवस होता. भिंगरीला घेऊन गेलो. गाडी मीच चालवली. तिचा शिकाऊ परवाना गेल्या डिसेंबरात मीच काढून दिला, आठ दिवस शिकवलंही. पण हात बसत नव्हता, म्हणून थांबवलं. घाई काय आहे?

विभागाच्या मॅडम साध्याच होत्या, चप्पल झिजलेली. मी उभा राहून सगळ्यांसमोर विचारलं, "नोकरी कुठे मिळते ते सांगा." वाटलं होतं, आता रंगीत कागद दाखवतील. तर मॅडम वही काढून वाचायला लागल्या. गेल्या वर्षी बावीस जण बाहेर पडले. चार पुढे शिकताहेत. पाच जण कंपन्यांत, लोक त्यांची यंत्रं घरात नेऊन कशी वापरतात ते बघायला. तिघं इस्पितळांत, दोघं संग्रहालयात, एकाने बेकरी काढली. सात अजून शोधताहेत.

सात! बावीसातले सात! आणि हे त्या आपल्या तोंडाने सांगतात! निदान खोटं तरी बोलायचं, म्हणजे माणसाला भांडता येतं. मी म्हटलं, "मॅडम, मी माझ्या मुलीला त्या सातांत का घालू?"

त्या म्हणाल्या, "घालू नका. तिला जे दिसतं ते इतरांना दिसत नसेल, तरच पाठवा."

हे काय उत्तर झालं? वर अर्जासोबत एक वही द्यायची आहे. एका कामाच्या जागी बारा तास बसून जे दिसेल ते लिहायचं. आणि ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना ते वाचायला देऊन शेवटच्या पानावर सही घ्यायची. 'वाचलं' म्हणून एक ओळ, 'आक्षेप असल्यास' म्हणून एक ओळ. परतताना मी म्हटलं, तुझा कोण मूर्ख वाचून सही देणार? ती खिडकीबाहेर बघत बसली.

११ मे

मूर्ख कोण ते कळलं. ती माझ्याच गाडीत मागच्या सीटवर बसणार आहे. रोज दोन तास, सहा दिवस. मी नाही म्हटलं, तर ही, म्हणजे माझी बायको, भाजी चिरता चिरता म्हणाली, "बसू दे की. तुम्हाला लपवायचं काय आहे?"

मला लपवायचं काय असणार? बसू दे.

१४ मे

तिसरा दिवस. पोरगी मागे बसते, तोंडातून शब्द नाही, आणि रेघा मारते. माझी मान अवघडली आहे. शिकणाऱ्यांनी बिनदिक्कत परवानगी दिली, उलट नर्सबाई रोज तिची चौकशी करतात. मी एकदा विचारलं, काय लिहितेस? म्हणाली, "झाल्यावर दाखवीनच ना." जणू मी तिच्या वर्गातलं पोर.

मी मुद्दाम शिकवणं आणखी चांगलं केलं आहे. प्रत्येकाला गिअरचं तत्त्व नव्याने समजावलं. कॅशियर म्हणाला, "सर, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतंत."

२२ मे, रविवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. डॉक्टर, हे पान तुमच्यासाठी.

काल तिने वही दिली. बायको ती आधीच वाचून बसली होती, कारण भिंगरी मला वही देत असताना ही स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर आलीच नाही. चोवीस धडे लिहिले आहेत. कोण कुठे बसलं, मी काय बोललो, सगळं. मी दर धड्याला सरासरी नऊ वेळा 'शाब्बास' म्हणतो, हेसुद्धा. इथवर मी खूश होतो.

मग ब्रेक. शिकणारा पुरुष असेल तर एका धड्यात सरांचा पाय दोनदा ब्रेकवर जातो. बाई असेल तर अकरा वेळा. खाली लिहिलं आहे, जसंच्या तसं उतरवतो: "पुरुष चुकला की सर आधी चूक होऊ देतात, मग सांगतात. बाई चुकायच्या आधीच सरांचा पाय दाबलेला असतो. तेव्हा सर बहुतेक बोलत असतात. आपण ब्रेक दाबला हे त्यांना कळत नसावं. सरांच्या नोंदवहीप्रमाणे पुरुष साधारण वीस धड्यांत परीक्षेला बसतात, बायका चाळीस."

मी कडाडलो. म्हणजे काय, मी बायकांकडून दुप्पट फी उकळतो? बावीस वर्षं इमानाने धंदा केला तो स्वतःच्या पोरीकडून हे ऐकायला?

ती म्हणाली, "बाबा, असं मी कुठे लिहिलंय?"

"मग का करतो मी असं? सांग ना!"

"का ते मी लिहिलेलंच नाही. मला माहीत नाही. फक्त किती वेळा ते लिहिलंय."

याला काही अर्थ आहे? आरोप करायचा आणि कारण द्यायचं नाही! मी सांगितलं, सही मिळणार नाही. ना वहीवर, ना अर्जावर. महिन्यातून दोनदा म्हणजे दोनदा.

२३ मे, सोमवार

तिचा हिशेब खोटा पाडायचा तर मोजलं पाहिजे. डब्यातले वाळके वाटाणे शर्टाच्या वरच्या खिशात भरले. ब्रेक दाबला की एक वाटाणा काढायचा. पुरुष असला तर पँटच्या डाव्या खिशात, बाई असली तर उजव्या.

आज: पुरुष दोन, वाटाणे पाच. बायका दोन, वाटाणे सव्वीस.

पण आज रस्ता ओला होता. टँकर फुटला होता.

२४ मे

पुरुष दोन, वाटाणे चार. बायका दोन, वाटाणे पंचवीस.

बायकांचे धडे बाजाराच्या वेळेला होते. गर्दीत पाय जाणारच. संध्याकाळी कपडे धुवायला घेताना हिने खिशातून वाटाणे काढले आणि टेबलावर दोन ढीग करून ठेवले, एक मोठा, एक छोटा.

२५ मे, बुधवार

आज जे केलं ते इथे लिहितो, दुसरीकडे कुठे सांगणार नाही.

डावा खिसा जड व्हावा म्हणून कॅशियरच्या धड्यात मी मुद्दाम ब्रेक दाबला. वळणाआधी, चौकाआधी, एका कोंबडीसाठी. चौदा वाटाणे झाले. पहिल्या चार-पाच वेळा तो माझ्याकडे बघून हसला. मग हसेना. मग गिअर चुकला. ज्या पठ्ठ्याने तिसऱ्या दिवशी बसच्या मागून गाडी काढली, त्याने सपाट रस्त्यावर दोनदा बंद पाडली. शेवटच्या चौकात सिग्नल लाल, आणि त्याने ब्रेकवर पायच नेला नाही. माझ्याकडे बघत बसला. मी दाबला.

उतरताना म्हणाला, "सर, आज डोकंच चालत नाहीये माझं."

चालत होतं की रे तुझं. काल चालत होतं.

२६ मे

सकाळी गाडी काढलीच नाही. सगळ्यांना प्रकृतीचं कारण सांगितलं.

हिच्यासमोर बसलो आणि कॅशियरचं सगळं सांगितलं, चौदा वाटाण्यांसकट. हिने ऐकून घेतलं. लग्नानंतरच्या वर्षी हीसुद्धा शिकायला बसली होती माझ्याकडे. चार दिवसांत म्हणाली होती, मला नाही जमायचं. मी ती गोष्ट चारचौघांत हसत सांगत आलो, की जगाला शिकवलं पण घरचं माणूस शिकेना. तेव्हा तीही हसायची.

आज म्हणाली, "वीस वर्षं मला वाटायचं, मीच मठ्ठ."

एवढंच. मग उठून चहा टाकला. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मी तोंड तयार ठेवलं होतं.

रागाचं पान रोज लिहायला सांगितलंय. आज राग कोणावर आहे ते लिहवत नाही, पण आहे, आणि भरपूर आहे.

२७ मे, शुक्रवार

नर्सबाईंना सकाळी दोन आणि दुपारी दोन असे चार धडे दिले. चारही धड्यांत बूट काढून सीटवर मांडी घालून बसलो. त्या घाबरल्या. "सर, पाय खाली ठेवा ना. मला आधार वाटतो."

मी म्हटलं, "बाई, तोच तर काढून घेतोय."

पहिल्या चौकात गाडी सरळ लाल सिग्नलच्या रेषेवरून पुढे गेली. देवाची कृपा, समोर कोणी नव्हतं. माझ्या पोटरीत गोळा आला. दुसऱ्या चौकात एक हात पुढे थांबली. चौथ्या धड्याला मी सहज खिडकीबाहेर बघत होतो आणि गाडी थांबली, तर कळलं की सिग्नल लागलाय. पाच महिने! पाच महिने या बाई माझ्या पायाची वाट बघत होत्या, आणि मी म्हणत होतो यांचं डोकं चालत नाही.

२८ मे

पास.

फाटकातून बाहेर आल्या त्या डोळे पुसतच. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "सर, तुमच्यामुळे झालं."

मी ओरडलोच. म्हटलं, "अहो, माझ्यामुळे झालं नव्हतं! फेब्रुवारीत व्हायला हवं होतं!" लोक बघायला लागले. त्यांना वाटलं मी आनंदाने असा करतोय. पेढे नकोत, हार नको, म्हटलं जा आणि त्या दवाखान्याला आजच फोन लावा. मी या बाईंच्या शंभर रात्रपाळ्या खाल्ल्या आणि त्या मला थँक्यू म्हणतात. असं कोणी वागतं का?

३० मे, सोमवार

आज पुन्हा वही मागितली. भिंगरीने मुकाट्याने आणून दिली. बावीस तारखेच्या रविवारी रागाच्या भरात मी आक्षेपांची तीन पानं लिहून ठेवली होती, ती फाडली.

'वाचलं' या ओळीवर सही केली. 'आक्षेप असल्यास' इथे लिहिलं: "आकडा चूक आहे. अकरा नाही, तेरा. मी स्वतः दोन दिवस मोजले आहेत."

तिने वाचलं. वाचून पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "बाबा, हे कधी केलंत?" मी वाटाण्यांबद्दल सांगितलं. कॅशियरबद्दलही, सगळं. तर पोरगी पेन काढून म्हणते, "थांबा, कॅशियरचं परत सांगा, सावकाश." मी दरडावलं, "अर्ज आण आधी." अर्जावर सही केली.

सात जणांची काळजी मला आजही आहे. बावीसातले सात म्हणजे थोडे नाहीत. हे मी तिला स्पष्ट सांगितलं आणि पुढेही सांगणार. मेहुण्याला फोन करून खुर्ची सोडायला सांगितली. तो म्हणाला, "भावजी, आणि तुमची दुसरी गाडी?" मी त्याला सांगितलं की बायका चाळीसच्या जागी वीस धड्यांत सुटल्या तर रांगच राहत नाही, एका गाडीत भागतं. तो म्हणाला, "हे कोणी शोधून काढलं?" मी फोन ठेवला.

३१ मे, मंगळवार

अर्ज द्यायला निघालो. किल्ली भिंगरीच्या हातात दिली. काल संध्याकाळी मैदानावर तिच्याकडून तासभर गाडी फिरवून घेतली होती. तिचा हात गेल्या वर्षीच बसलेला होता.

ही म्हणाली, मीपण येते, आणि मागे बसली. मी बूट काढले आणि मांडी घातली. भिंगरी हसली, मी दटावलं, समोर बघ. तीन चौक, एक उतार, शाळेजवळचा झेब्रा. मी एकदाही 'शाब्बास' म्हटलं नाही, म्हणावंसं मात्र वाटलं.

कॉलेजच्या फाटकाशी एक सायकलवाला डावीकडून थेट आमच्यासमोर आला. माझा उजवा पाय मांडीखालून सुटला, बावीस वर्षांच्या सवयीने खाली निघाला. ब्रेकपर्यंत पोचला नाही. गाडी तोवर थांबलेली होती.

सायकलवाला शिव्या देत गेला. भिंगरीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. मी पाय हळूच वर घेतला.

मागून ही म्हणाली, "उद्या सकाळी सातला माझा धडा. बूट घरीच ठेवून या."